काचेच्या धाग्याचे काम

सातारा शहरातून सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघरकडे आणि तिथून वर चाळकेवाडीच्या पठारावर गेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. त्याच्या पलीकडे, पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावर वनकुसवड्याचे पठार आहे. सन २०००च्या सुमारास तिथे एकामागून एक मनोरे उभे राहिले, आणि काही वर्षे देशातल्या मोठ्या पवनऊर्जा केंद्रांत वनकुसवड्याचे नाव घेतले जाई. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावरही तेच दृश्य. आमच्या बहुतेक वाचकांनी ही पाती लांबून पाहिली आहेत, त्यांच्यासमोर मुलांचे फोटोही काढले आहेत. ती कशाची असतात हे मात्र दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही. कोणी पत्रा म्हणते, कोणी ॲल्युमिनियम. ती काचेची असतात.

हा विषय आम्ही या वेळी घेतला तो एका पत्रामुळे. मिरजेच्या एका भगिनीने लिहिले आहे. मुलगा आयटीआय फिटर. एक कंत्राटदार त्याला पवनचक्कीची पाती दुरुस्त करण्याच्या कामावर घ्यायला तयार आहे, पण आधी सहा महिने कुपवाडच्या एका ‘फायबरच्या’ कारखान्यात हात बसवायचा. मुलगा पंधरा दिवस जाऊन आला. अंगाला खाज, डोक्यात वास, आणि हातमोजे मागितले तर मुकादम हसला. आपा विचारतात: हे काम शिकण्याजोगे आहे का, ते टिकेल का, आणि तब्येतीचे काय? अशा अर्थाची आणखी दोन पत्रे साताऱ्याकडूनही आली आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देत आहोत.

आधी कामाची ओळख. एफआरपी म्हणजे धाग्याने बळकट केलेले प्लास्टिक. यात दोन वस्तू असतात: धागा आणि त्याला धरून ठेवणारी राळ. कारखान्यात तिला रेझिन म्हणतात. कल्पना नवी नाही. भिंतीच्या मातीत भुस्कट मिसळणाऱ्या आपल्या आजीला ती ठाऊक होती. तुर्क आणि मुघल घोडेस्वारांची कमान याच हिशेबाने बनत असे: मध्ये लाकडाचा गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाची पट्टी, पुढच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि सगळे सरसाने चिकटवलेले. कमान ओढली की पुढची बाजू ताणली जाते, तिथे तंतू. आतली बाजू दाबली जाते, तिथे शिंग. ज्याला जे सोसते ते काम त्याला. आपल्या पावसाळी हवेत हा सरस सुटे, म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानीही घडवल्या गेल्या. दमट हवेची ती तक्रार आजच्या कारखान्यातही कायम आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

काच ठिसूळ असते, मग तिचा धागा बळकट कसा? हे कोडे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली सोडवले. काच फुटते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म चिरांमुळे. दांडी जाड असेल तर त्यात मोठी चीर असण्याचा संभव जास्त. तीच काच वितळवून बारीक छिद्रांतून ओढली आणि केसाच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी बारीक केली, की मोठ्या चिरेला जागाच राहत नाही. असा ताजा धागा त्याच जाडीच्या बांधकामाच्या सळईपेक्षा पाच-सहा पट ताण सोसतो, आणि वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. पण एकटा धागा दोरीसारखा; ओढला तर कामाचा, ढकलला तर वाकतो. राळ त्याला जागेवर धरते, एका धाग्याचा भार शेजाऱ्याला देते आणि बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. भार धाग्याचा, सांभाळ राळेचा. राळ जास्त घातली की वस्तू जाड आणि जड होते, बळकट होत नाही. छोट्या कारखान्यात हे कोणी मुलांना सांगत नाही, आणि तिथूनच बिघाडाला सुरुवात होते.

आता पात्याकडे येऊ. वनकुसवड्याला सुरुवातीला बसलेल्या लहान यंत्रांचे पाते साधारण सोळा-सतरा मीटरचे. ढालगावच्या काळात ते तीस मीटरच्या पुढे गेले. आज नव्या यंत्रांचे पाते सत्तर मीटरलाही पोहोचते, म्हणजे वीसमजली इमारत आडवी केल्यासारखे. लांबी दुप्पट झाली की पाते चौपट वारा कवेत घेते, पण तेच पाते नुसते मोठे करून बनवले तर वजन आठपट होते. म्हणून मोठे पाते म्हणजे छोट्याची मोठी प्रत असू शकत नाही. दर वेळी कमी मालात जास्त बळ काढावे लागते. या सगळ्या धंद्याची धडपड त्यासाठी आहे.

पाते आतून पोकळ असते. दोन कवच वेगवेगळ्या साच्यांत बनवून एकमेकांवर चिकटवतात आणि मध्ये उभी भिंत घालतात. कवचाच्या मधोमध मुळापासून टोकापर्यंत जाड पट्टा जातो; त्यात सगळे धागे एकाच दिशेने, लांबीच्या बाजूने. वारा पात्याला मागे ढकलतो तेव्हा पुढचा पट्टा ताणला जातो आणि मागचा दाबला जातो, त्या जुन्या कमानीसारखा. बाकीच्या कवचात धागे तिरपे, म्हणजे पाते पिळले जाऊ नये. दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा फोम. हे बाल्सा मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येते. ढालगावच्या माळावर इक्वेडोरचे लाकूड फिरते आहे, हे वाचून आम्हालाही गंमत वाटली.

कुपवाडला मुलगा जे शिकतो ते हाताने थापण्याचे काम. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन, रोलर फिरवून हवा काढायची, पुन्हा मॅट. पाण्याच्या टाक्या, दरवाजे, गाड्यांचे भाग असेच बनतात. या पद्धतीत धाग्याचा हिस्सा वजनाने तिसऱ्या भागाच्या आसपास राहतो, बाकी राळ. टाकीला ते चालते. पात्याला चालत नाही. तिथे कोरडे कापड साच्यात नीट अंथरतात, वरून प्लास्टिकचा कागद पसरून कडा बंद करतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. मग बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस मीटरला सुमारे दहा टन, कापडाला साच्यावर घट्ट दाबतो आणि नळीतून आलेली राळ थराथरांत भिनत जाते. धाग्याचा हिस्सा निम्म्याच्या वर जातो, हवेचे बुडबुडे नावाला उरतात, आणि रेझिन बंद पिशवीत राहिल्याने वासही कमी. आपा, मुलाने विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमच्याकडे व्हॅक्यूमचे काम आहे का? नसेल तर सहा महिन्यांत शिकून होईल ते टाकीचे काम. पात्याच्या दुरुस्तीला वेगळे प्रशिक्षण लागेलच.

बळ कुठे जाते ते आता पाहू, कारण कारागिराच्या हातात खरे काय आहे ते यातच दिसते. पहिले, सुरकुती. ताणलेला दोर भार घेतो, ढिला घेत नाही. तसाच अंथरताना सुरकुतलेला धागा. ताणात तो थोडा सरळ व्हायला बघतो आणि राळेला तडा देतो. दाबात तर तिथेच मोडतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पात्यात आत एक घडी राहिली तर पाच वर्षांनी ती बोलते. दुसरे, बुडबुडे. ढोबळ हिशेब असा की एक टक्का हवा राहिली तर थरांची आपसातली पकड सुमारे सात टक्क्यांनी कमी होते. तिसरे, ओल. काचेच्या धाग्यावर राळ चिकटावी म्हणून गिरणीतच एक पातळ लेप दिलेला असतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या कापडाला दमट हवा लागली की राळ त्याला नीट धरत नाही. जुलै महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, दार उघडे टाकून केलेले काम आणि कोरड्या खोलीत केलेले काम दिसायला सारखेच असते. चौथे, कॅटलिस्टचे माप. पॉलिस्टर रेझिनला ते साधारण एक ते दोन टक्के लागते. सांगलीच्या एप्रिलमध्ये रेझिन लवकर घट्ट होते, डिसेंबरच्या पहाटे उशिरा. जाणता कारागीर वजन करून, हवा बघून माप ठरवतो. बाकीचे झाकणाने ओततात. कमी पडले तर माल कायमचा कच्चा, जास्त पडले तर आतल्या आत तापून तडकतो.

एवढ्या बारकाव्याची गरज का, याचा एक हिशेब मांडतो. पाते मिनिटाला पंधरा फेरे घेते असे धरा. दिवसाला एकवीस हजार सहाशे. यंत्र वर्षाचा दोनतृतीयांश काळ चालले तर वीस वर्षांत दहा कोटींच्या वर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पाते स्वतःच्या वजनाने एकदा इकडे, एकदा तिकडे वाकते, वाऱ्याचे धक्के निराळेच. तारेचा तुकडा हाताने पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तसेच हे. फक्त दहा कोटी वेळा वाकूनही तुटता कामा नये.

आणि तुटतात, मोठ्या नावाच्या कंपन्यांचीही. सुझलॉन ही आपल्या पुण्याची, तुलसी तांती यांनी १९९५ साली सुरू केलेली. २००८ साली अमेरिकेत बसवलेल्या तिच्या एस-८८ यंत्रांच्या पात्यांना तडे दिसू लागले. कंपनीने १,२५१ पात्यांना बळकटी देण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इलिनॉय राज्यात एक पाते मनोऱ्यावरून निखळून खाली आले. कंपनी त्यातून सावरली, पण तो फटका मोठा होता. आम्ही ही गोष्ट कोणाला हिणवायला सांगत नाही. भारतीय कारखान्यातला माल जगात जातो तेव्हा एका थराची किंमत काय होते, हे मुलांना कळावे म्हणून सांगतो.

पवनचक्क्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो, म्हणून थोडे वळण घेतो. या शतकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला तेव्हा सातारा-सांगलीच्या गावांत बोलवा उठली की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. लोक चिडले, मोर्चे निघाले. शेतकऱ्याच्या पोटातली भीती आम्ही समजू शकतो, पण कारण ते नव्हे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके सह्याद्रीच्या पाठीशी आहेत. पावसाचे पाणी डोंगर आधीच उतरवून घेतो. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा इथे एकही पवनचक्की नव्हती. पावसाचे वारे कित्येक किलोमीटर जाडीचे असतात, आणि पात्याचे टोक जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर. जमिनीच्या मोबदल्याच्या आणि कोयनेच्या जंगलाजवळ काढलेल्या रस्त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत; त्यांना ढगांच्या गोष्टीची जोड दिली की त्याच हलक्या होतात.

काम टिकेल का? आमच्या मते टिकेल, पण रूप बदलेल. वनकुसवड्याची जुनी यंत्रे वीस वर्षांच्या पुढे गेली आहेत. लहान जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली धोरण आणले आणि २०२३ साली ते सुधारले. जोवर जुनी पाती फिरत आहेत तोवर त्यांची डागडुजी आहेच: पावसाचे थेंब आणि धूळ पात्याची पुढची धार खरवडतात, वीज पडते, चिकटवलेली कड उकलते. दुरुस्त करणारा दोरावर लटकून खराब भाग घासून काढतो, थर मोजून तितकेच थर, तशाच दिशेने, पायरी-पायरीने पुन्हा बसवतो. हे सुईदोऱ्याच्या रफूसारखे काम आहे आणि हिशेबाचेही. चांगला रफूगार मोहल्ल्यात एकच असतो, तसा चांगला दुरुस्तीवालाही.

उतरवलेल्या पात्यांचे काय करायचे, हा जगालाच पडलेला प्रश्न आहे. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तशी एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत जाळणे हा एक मार्ग आहे. राळ इंधन होते आणि काचेतली वाळू-चुना सिमेंटमध्ये जातो. सीमेन्स गमेसा या कंपनीने २०२१ साली अशी राळ वापरून पाती बनवली की आयुष्य संपल्यावर सौम्य आम्लात ती सोडवून धागा वेगळा काढता येतो. आपल्या पठारावरची पाती त्या जातीची नाहीत. ती गावाच्या ओढ्याकाठी टाकून कोणी निघून जाऊ नये, यावर ग्रामपंचायतींनी आत्तापासून लक्ष ठेवलेले बरे.

पात्याच्या पलीकडेही हा माल बांधकामात शिरतो आहे. काचेच्या धाग्याची सळई आता बाजारात मिळते. २०२३ साली भारतीय मानक ब्युरोने तिचे मानकही काढले. ती गंजत नाही, म्हणून कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पाण्याच्या कामात उपयोगी. पण घर बांधणाऱ्या वाचकांना सावध करतो. ही सळई साइटवर वाकवता येत नाही, तिचे वळण कारखान्यातूनच यावे लागते. तिचा ताठपणा लोखंडाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून तेवढ्याच जाडीची घातली तर स्लॅब जास्त झुकतो. आगीत राळ आधी दगा देते. दुकानदार ‘लोखंडापेक्षा दुप्पट बळकट’ म्हणतो ते ताणापुरते खरे आहे. त्या शब्दावर अभियंत्याला न विचारता लोखंड बदलू नका.

आता तब्येत. आपा, मुलाला लागलेली खाज काचेच्या तुटक्या धाग्यांची आहे. घासायचे काम कोरडे न करता पाणी मारून किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राने केले तर ती निम्म्याहून कमी होते. वास आहे तो स्टायरीनचा. पॉलिस्टर रेझिनमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१८ साली स्टायरीनला कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातले आहे. घाबरून काम सोडावे असे आम्ही म्हणत नाही, पण कापडी मास्क आणि रुमाल याला काहीच कामाचे नाहीत. कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते. छताजवळचा पंखा दाखवून ‘हवा खेळती आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ओढणारा पंखा जमिनीजवळ हवा.

पात्यांना बहुधा इपॉक्सी वापरतात. त्याला वास कमी, म्हणून मुले बेफिकीर होतात. पण इपॉक्सीची एकदा त्वचेला ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते आणि तो माणूस या धंद्यातून उठतो. म्हणून हातमोजे नायट्रिलचे, आणि मळले की बदलायचे. हात ॲसिटोनने धुण्याची सवय सगळ्या कारखान्यांत आहे. ती कातडी सुकवते आणि राळ आत जायला वाट करून देते. साबण-पाणीच बरे.

एक गोष्ट मात्र मुलाने आजच पाठ करावी. कॅटलिस्ट आणि कोबाल्ट, ज्याला काही ठिकाणी ॲक्सिलरेटर म्हणतात, ही दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत. भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मगच दुसरे. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो; चष्मा हवाच, आणि गेलाच तर तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरून मग दवाखाना.

ज्या मुकादमाला हातमोज्यांवर हसू येते, तो कॅटलिस्टही झाकणानेच मोजत असणार असा आमचा अंदाज आहे. तिथे तब्येत जाईल आणि हुनरही मिळणार नाही. आमचा सल्ला: तो कारखाना सोडा, काम सोडू नका. छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. दुसऱ्या कारखान्यात जाण्यापूर्वी मुलाने चार गोष्टी पाहाव्यात: तोलकाटा आहे का, कापड बंद कोरड्या खोलीत ठेवतात का, ईएसआयचा नंबर पहिल्याच महिन्यात मिळतो का, आणि जुने कारागीर किती वर्षे टिकले आहेत. उंचीवरच्या कामाला पाठवण्यापूर्वी दोरावरचे प्रशिक्षण आणि विमा कागदावर मागावा. कंत्राटदार ‘नंतर बघू’ म्हणाला तर मुलगा वर चढणार नाही, एवढे त्याला घरातूनच सांगा.

घरी आल्यावर त्याचे कामाचे कपडे दाराबाहेर झटकू नका. धागे हवेत उडतात आणि धाकट्या मुलांच्या अंगाला लागतात. ते वेगळ्या बादलीत भिजवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. अंघोळ आधी थंड पाण्याने, न चोळता. गरम पाण्याने खाज वाढते. आणि ती बादली वेगळीच ठेवा, पिठाच्या डब्यांजवळ नको.